कॉम्प्युटरवरची कागदपत्रं ई-पेपर टॅबलेटवर कशी टाकायची

ई-पेपर टॅबलेट हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात तक्रार दोनपैकी एक असते. "भाऊ, फाइल टाकली, पण दिसतच नाही." नाहीतर, "दिसते हो, पण वाचताच येत नाही." जळगावच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं, धुळ्याच्या कोर्टात गठ्ठे वागवणारे वकील, भुसावळ–सूरत गाडीने अमळनेर-नंदुरबारला अप-डाउन करणारे शिक्षक, सगळ्यांचं हेच. फाइल पाठवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं अंग आहे. घोळ होतो तो त्याच्या आधी, फाइल कशी आहे हे न बघता ती पाठवल्यामुळे. म्हणून या लेखात निम्मी जागा फाइल तयार करण्याला दिली आहे. घाई असेल तर थेट केबलच्या भागावर जा, पण अडलात की परत वर या.

आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे

ई-पेपरचा पडदा मोबाईलसारखा उजेड फेकत नाही. त्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात, ते विजेने वर-खाली सरकतात आणि एकदा जागेवर बसले की पान दाखवत राहायला वीज लागत नाही. म्हणून बॅटरी कित्येक दिवस टिकते आणि भर उन्हात शेताच्या बांधावरही अक्षर स्वच्छ दिसतं.

फाइल टाकायच्या दृष्टीने ही यंत्रं ढोबळमानाने तीन प्रकारची. किंडल आणि कोबो ही मुळात पुस्तकं वाचायची यंत्रं. किंडल स्क्राइबसारख्या काही मॉडेलवर पेनाने लिहिताही येतं. रीमार्केबल आणि सुपरनोट ही मुख्यतः वहीसारखी लिहायला, सोबत पीडीएफ वाचायला. ओनिक्स बूक्स म्हणजे ई-पेपरचा पडदा लावलेला अँड्रॉइड टॅबलेट, त्यात मोबाईलसारखी ॲपं टाकता येतात. तुमचं कोणतं, ते पाठच्या बाजूला किंवा सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव आणि पडद्याची इंचातली मापं एका कागदावर लिहून ठेवा, दोन्ही पुढे लागणार आहेत.

आधी फाइल तपासा

पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा. त्यातली एखादी मराठी ओळ माऊसने निवडा, कॉपी करा, नोटपॅड उघडा आणि तिथे पेस्ट करा. बस, एवढ्यात फाइलची जात कळते.

नोटपॅडमध्ये देवनागरी अक्षरं उमटली तर फाइल युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांतली आहे. काना-मात्रा थोडे इकडे-तिकडे झालेले दिसले तरी घाबरू नका. पीडीएफमधून देवनागरी बाहेर काढताना तसं होतं, मूळ पीडीएफ मात्र नीट दिसते.

देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला, तर फाइल श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांतून, जुन्या सरकारी परिपत्रकांतून आणि क्लासच्या नोट्समधून अशा फाइली भरपूर येतात. या फॉन्टमध्ये आतली अक्षरं रोमनच असतात, फक्त त्यांच्या अंगावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. अशी फाइल पीडीएफ म्हणून तशीच पाठवली तर टॅबलेटवर बरोबर दिसते, अट एकच की फॉन्ट पीडीएफच्या आत भरलेला हवा. ते बघायला ॲडोबी रीडरमध्ये 'फाइल', मग 'प्रॉपर्टीज', मग 'फॉन्ट्स' उघडा. फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं असलं की झालं. नसेल तर ज्या डीटीपीवाल्याने फाइल दिली त्यालाच फॉन्ट एम्बेड करून परत पीडीएफ काढायला सांगा. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असतो, तुमच्या टॅबलेटवर नसतो.

अशा फाइलचं ईपब मात्र करू नका. ईपब म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारं पुस्तकाचं रूप. ते तयार होताना फॉन्टचं कातडं गळून पडतं आणि हातात तोच रोमन कचरा येतो. ई-मेलने किंडलवर पीडीएफ पाठवताना विषयाच्या जागी 'कन्व्हर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहिला की ॲमेझॉन पीडीएफचं रूपांतर करतं. इंग्रजी पुस्तकाला ही सोय बरी पडते, जुन्या फॉन्टच्या मराठीला नाही.

तिसरी शक्यता: ओळ निवडलीच जात नाही, सगळ्या पानावर एक निळा चौकोन येतो. म्हणजे ते स्कॅन आहे, पानाचा फोटो. वाचायला हरकत नाही, पण त्यात शोध चालणार नाही आणि शब्दाचा अर्थही बघता येणार नाही. स्कॅनमधून अक्षरं हवी असतील तर गुगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गुगल डॉक्सने उघडायची, मराठी ओळखलं जातं. मर्यादा २ एमबीची आहे, त्यामुळे मोठी फाइल तोडून द्यावी लागते. आलेला मजकूर डोळ्याखालून घातल्याशिवाय वापरू नका, जोडाक्षरं हमखास चुकतात. आजीच्या अहिराणी ओव्या हाताने लिहिलेल्या असतील तर हा खटाटोप सोडून सरळ टाइप करा. तिथे यंत्राच्या ओळखीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, आणि वर्डचं शुद्धलेखन तपासनीस जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढेल, तिच्याकडे बघूही नका.

अक्षर बारीक का दिसतं

याचं उत्तर साध्या गणितात आहे. आपली बहुतेक कागदपत्रं ए-फोर कागदाच्या मापाची, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. सहा इंची किंडलचा पडदा साधारण ९१ × १२२ मिलिमीटरचा. पूर्ण पान त्यात बसवायचं तर ते मूळच्या ४१ टक्के होतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं दिसतं. औषधाच्या डब्यातल्या चिठ्ठीवरही यापेक्षा मोठं असतं. १०.३ इंची टॅबलेटचा पडदा साधारण १५७ × २०९ मिलिमीटर, म्हणजे ए-फाइव्हच्या जवळपास. तिथे तेच अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास येतं. वाचता येतं, पण आरामात नाही.

मूळ वर्ड फाइल तुमच्याकडे असेल तर सगळ्यात चांगला उपाय तुमच्याच हातात आहे:

१. फाइलची एक प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

२. 'लेआउट' टॅबमध्ये 'साइज' उघडा. १०.३ इंची पडद्यासाठी ए-फाइव्ह निवडा. सहा इंचीसाठी 'मोअर पेपर साइझेस' मध्ये जाऊन रुंदी ९ आणि उंची १२ सेंटिमीटर भरा.

३. 'मार्जिन्स' कमी करा. ए-फाइव्हला चारही बाजूंनी १ सेंटिमीटर पुरे, छोट्या पानाला अर्धा. टॅबलेटला स्वतःची कड असतेच, पांढऱ्या पट्ट्या वाया कशाला घालवायच्या.

४. मराठी मजकूर १२ ते १४ पॉइंट ठेवा. मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी, कोणताही युनिकोड फॉन्ट चालेल. फिकट राखाडी अक्षरं काळी करा. ई-पेपरला राखाडी छटा मोजून सोळा, त्यात फिकट मजकूर विरून जातो.

५. तक्ते बघा. ए-फोरवर आडवे पसरलेले तक्ते इथे कापले जातात. ज्या पानावर मोठा तक्ता आहे तेवढंच पान आडवं करा.

६. 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ काढा.

केळीच्या खतांचं, पाण्याचं वेळापत्रक कृषी केंद्राकडून वर्डमध्ये मिळालं असेल तर हे एकदा करून ठेवा. रावेर-यावलच्या बागेत उभं राहून चष्मा न शोधता वाचता येईल.

मूळ फाइल नाही, फक्त पीडीएफ आहे, तर दोन वाटा. मोठ्या पडद्यावर आधी यंत्रातलीच कडा कापायची सोय वापरून बघा. सेटिंगमध्ये 'क्रॉप' नावाने असते. पांढऱ्या कडा गेल्या की अक्षर बरंच मोठं होतं. छोट्या पडद्याला ते पुरत नाही. तिथे के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर कामाला येतं. ते पानाकडे चित्र म्हणून बघतं, शब्दाशब्दांचे तुकडे उचलतं आणि छोट्या पानावर नव्याने ओळी लावून देतं. चित्रच हलवत असल्यामुळे श्री-लिपी असो की स्कॅन, त्याला फरक पडत नाही. दोन रकान्यांचं छापील पानही ते एका रकान्यात आणतं. चुकतं ते तक्त्यांत आणि गणिताच्या सूत्रांत, त्यामुळे बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकावर चालवू नका.

स्वतः स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल एवढंच निवडा. ई-पेपरचा पडदा बहुतेक वेळा इंचाला २०० ते ३०० ठिपक्यांचा असतो. ६०० डीपीआयच्या रंगीत स्कॅनने फाइल फुगते, पान उलटायला वेळ लागतो आणि डोळ्याला काही जास्त मिळत नाही. मोबाईलने फोटो काढत असाल तर स्कॅनिंग ॲपमधला काळा-पांढरा पर्याय घ्या, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि हाताची सावली जाते.

नाव, पासवर्ड आणि सही

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक देऊन ठेवा, शून्य एक, शून्य दोन असं. नुसता एक, दोन दिलात तर काही यंत्रं एकनंतर थेट दहा लावतात. मराठी नाव बऱ्याच यंत्रांवर चालतं, पण काहींवर रिकामे चौकोन दिसतात, आणि मग सगळ्याच फाइली सारख्या.

बँकेचं स्टेटमेंट किंवा ई-आधार पासवर्डने बंद असतं. मेलने किंडलवर अशी फाइल जात नाही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून उघडा, 'प्रिंट' द्या आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा, की पासवर्डविना प्रत मिळते. हे करता येतं म्हणून करायलाच हवं असं नाही. आधार, पॅन, पासबुक टॅबलेटवर ठेवायची गरज काय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. ठेवायचंच असेल तर केबलने टाका, मेलने नको.

डिजिटल सहीचा सातबारा असाच प्रिंट करून छोटा केला तर त्यावरची सही निकामी होते. वाचायला ती प्रत चालेल. बँकेत किंवा सोसायटीत द्यायला मूळ फाइलच लागेल, ती कॉम्प्युटरवर वेगळी जपून ठेवा.

पहिली वाट: केबल

खान्देशात मी नवख्याला आधी केबलच सांगतो. लाईट गेली की घरचं वाय-फाय जातं, तालुक्याच्या गावी नेट संध्याकाळी रडतं, आणि लॅपटॉपची बॅटरी तेव्हाही चालू असते. शिवाय कागद कुणा कंपनीच्या सर्व्हरवर न जाता तुमच्याच टेबलावरून तुमच्याच यंत्रात जातो.

केबल मात्र डेटाची हवी. स्टॅण्डवर किंवा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबली पुष्कळदा नुसत्या चार्जिंगच्या असतात. टॅबलेट चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही, तेव्हा पहिला संशय केबलवर घ्या. डब्यात आलेली केबल वापरलेली सगळ्यात बरी.

१. टॅबलेट चालू करा, कुलूप असेल तर उघडा, आणि केबल थेट लॅपटॉपला लावा. मधे हब नको.

२. टॅबलेटच्या पडद्याकडे बघा. कोबोवर 'कनेक्ट' दाबावं लागतं. पॉकेटबुक या आणखी एका वाचायच्या यंत्रावर कॉम्प्युटरशी जोडायचं की नुसतं चार्ज करायचं हे विचारलं जातं. बूक्सवर वरून पट्टी खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. किंडल काही विचारत नाही.

३. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडा. जुनी किंडल आणि कोबो पेन ड्राइव्हसारखी दिसतात. बूक्स, आणि २०२४ पासून आलेली नवी किंडल, मोबाईल जोडल्यासारखी दिसतात; आत 'इंटर्नल स्टोरेज' उघडावं लागतं.

४. किंडलमध्ये फाइल 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्येच टाका. सुपरनोटमध्ये 'डॉक्युमेंट' हा फोल्डर. बूक्समध्ये पुस्तकांचा फोल्डर. कोबोला कुठेही चालतं, पण एक वेगळा फोल्डर केलेला सोयीचा.

५. कॉपी, पेस्ट. हिरवी पट्टी पूर्ण होऊ द्या.

६. पेन ड्राइव्हसारखं दिसत असेल तर उजव्या कळीने 'इजेक्ट' करूनच केबल काढा. कोबो त्यानंतर नवी फाइल आत घेतल्याचं दाखवतो, तेवढं थांबा.

मॅकवाल्यांना मोबाईलसारखी दिसणारी यंत्रं फाइंडरमध्ये सापडत नाहीत. त्यासाठी ओपन-एमटीपीसारखं मोफत सॉफ्टवेअर घालावं लागतं. लिनक्सवर बहुतेक वेळा आपोआप दिसतं.

रीमार्केबलचा केबलचा रस्ता निराळा आहे आणि मला तो आवडतो. सेटिंगमध्ये 'स्टोरेज' खाली 'यूएसबी वेब इंटरफेस' चालू करायचं, केबल लावायची आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या जागी १०.११.९९.१ हा पत्ता टाकायचा, आकडे इंग्रजीतच. समोर जे पान उघडतं त्यावर पीडीएफ किंवा ईपब ओढून सोडायची. इंटरनेट लागत नाही, खातंही लागत नाही. टॅबलेट झोपी गेला की पान बंद पडतं, तेवढं जागं ठेवा.

किंडलवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ईपब केबलने टाकली तर किंडल ती दाखवत नाही. आधी कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती एझेडडब्ल्यू-३ या किंडलच्या रूपात बदलून घ्या, नाहीतर पुढे सांगितलेल्या मेलच्या वाटेने पाठवा. कॅलिबर २००६ साली कोविद गोयल यांनी सुरू केलं आणि अजून मोफत आहे. किंडल जोडली की त्यातल्या 'सेंड टू डिव्हाइस'ने फाइल बरोबर जागी जाते. दुसरी गोष्ट स्क्राइबची: पीडीएफवर पेनाने थेट लिहायचं असेल तर ती 'सेंड टू किंडल'मधूनच आलेली हवी.

दुसरी वाट: इंटरनेटशिवाय वाय-फाय

केबल विसरलात, किंवा लॅपटॉपचं केबल लावायचं तोंड बिघडलंय, तर बूक्स आणि सुपरनोटला ही वाट आहे. बूक्समध्ये 'बूक्स-ड्रॉप' उघडलं की एक आकडी पत्ता दिसतो, तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की फाइल चढवायचं पान येतं. सुपरनोटमध्ये हेच 'ब्राउझ अँड ॲक्सेस' या नावाने असतं. अट इतकीच की लॅपटॉप आणि टॅबलेट एकाच वाय-फायवर हवेत.

घरी वाय-फाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही त्याला जोडा. फाइल लॅपटॉपवरून टॅबलेटवर फोनच्या मधून जाते, इंटरनेटवर जात नाही, त्यामुळे रोजचा डेटा खर्च होत नाही. जुन्या टॅबलेटला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा बँड ५ वरून २.४ गिगाहर्ट्झ करा. अभ्यासिकेच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर मात्र हा मार्ग पुष्कळदा अडतो, कारण तिथे एका यंत्राला दुसरं दिसू नये अशी व्यवस्था असते. तिथेही हॉटस्पॉटच वापरा.

तिसरी वाट: मेल आणि क्लाउड

किंडलसाठी ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या वेबपानावर खात्याने लॉगिन करा आणि फाइल ओढून टाका. एक फाइल २०० एमबीपर्यंत चालते. पीडीएफ, वर्ड, ईपब, साधा मजकूर, फोटो, सगळं घेतं. मोबी हे जुनं रूप आता घेत नाही. किंडल वाय-फायवर आली की फाइल आपोआप उतरते.

मेलने पाठवायचं तर थोडी पूर्वतयारी आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा मेल पत्ता असतो, तो ॲमेझॉनच्या खात्यात 'पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज' खाली दिसतो. तिथेच खाली ज्या पत्त्यांवरून फाइल स्वीकारायची त्यांची यादी आहे. तुमचा जीमेल पत्ता त्या यादीत घातला नसेल तर फाइल आत येत नाही. नवख्यांच्या 'पाठवली पण आली नाही' या तक्रारीचं मूळ इथेच सापडतं. किंडलची मेलची मर्यादा ५० एमबीची, पण जीमेल २५ एमबीच्या पुढे जोडू देत नाही, त्यामुळे मोठ्या फाइलीला वेबपानच बरं. कुटुंबातल्या दोघातिघांनी एकाच किंडलवर पाठवायचं असेल तर प्रत्येकाचा पत्ता यादीत टाका. पुण्यात शिकणारी मुलगी चाळीसगावातल्या वडिलांना लेख पाठवते, वडिलांना काही करावं लागत नाही, सकाळी चहासोबत उघडायचं.

रीमार्केबलचं स्वतःचं कॉम्प्युटर ॲप आहे, त्यात फाइल ओढून टाकली की टॅबलेटवर उमटते. बूक्समध्ये गुगल ड्राइव्हचं ॲप टाकून तिथून उतरवता येतं. कोबोच्या काही मॉडेलांत ड्रॉपबॉक्स आणि गुगल ड्राइव्ह जोडायची सोय आहे.

सर्वांसाठी एक खबरदारी: अशिलाची कागदपत्रं, पेशंटचे रिपोर्ट, प्रश्नपत्रिकेचा मसुदा, असलं काही क्लाउडवर टाकू नका. त्याला केबल आहे.

काय टाकावं

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पान मोठं आणि रंगीत असतं, त्यामुळे १० इंचांच्या खाली मजा नाही. मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या वेबसाइटवर जुनी पुस्तकं आहेत आणि तिथून ईपब उतरवता येते, युनिकोडमधली, अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारी. छोट्या पडद्याला यापेक्षा चांगलं खाद्य नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा कॉपीराइट संपतो, तेव्हा अशी पुस्तकं घ्यायला संकोच नको. ग्रुपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफचं मी काही सांगत नाही. त्या बहुतेक इतक्या वाईट स्कॅन केलेल्या असतात की टॅबलेटवर वाचायची शिक्षाच.

ईपबमध्ये मराठी अक्षरं तुटलेली दिसली, म्हणजे 'क्ष' किंवा 'त्र' सुटे पडले, तर यंत्रात चांगला देवनागरी फॉन्ट टाका. किंडल आणि कोबो दोन्हींवर केबल लावून 'फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल ठेवायची आणि मग पुस्तक उघडून अक्षरांच्या सेटिंगमध्ये तो निवडायचा.

स्वतःच्या लेखनाचं ईपब करायचं तर वर्ड ते देत नाही. गुगल डॉक्समध्ये 'फाइल', 'डाउनलोड', 'ईपब' असं जा. लिबर-ऑफिसमधूनही निघतं.

टाकल्यावर

फाइल आली की पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडून बघा. स्कॅन केलेल्या गठ्ठ्यात मधली दोन पानं उलटी असणं नवीन नाही, आणि ते सुनावणीच्या वेळी कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेलं बरं.

एकदम शंभर-दोनशे फाइली टाकू नका. किंडल प्रत्येक फाइलचा मजकूर शोधासाठी आत नोंदवत बसते, तोवर बॅटरी भराभर उतरते आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. विषयवार दहा-वीस टाका, एक दिवस जाऊ द्या.

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो. किंडलच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंशांची दिलेली आहे. भर दुपारी गाडीच्या डिकीत यंत्र ठेवू नका, आणि पत्र्याच्या खोलीत तापलेलं असताना केबल लावून चार्जिंग आणि कॉपी दोन्ही चालवू नका. संध्याकाळी करा.

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा प्रकार हा: एका पीडीएफवर पेनाने खुणा करून ठेवल्या, मग मूळ फाइलमध्ये दुरुस्ती झाली म्हणून जुनी काढून नवी टाकली. खुणा जुन्या फाइलसोबत जातात. म्हणून सुधारित फाइल नेहमी वेगळ्या नावाने, तारीख जोडून टाका, आणि जुनी काढण्याआधी टॅबलेटच्या 'एक्स्पोर्ट' किंवा 'शेअर'मधून खुणांसकट तिची पीडीएफ कॉम्प्युटरवर काढून घ्या. नवी फाइल तपासून झाल्यावरच जुनी पुसा.